सगळ्यांच्या मागचा

लिफ्टची जादा वजनाची घंटी वाजली तेव्हा आत सात जण होते आणि आठवी म्हणून एक बाई नुकतीच आत आली होती. अंगाने चांगली भरलेली, हातात फायलींचा गठ्ठा, जिना चढून आल्यासारखी धापा टाकत. घंटी वाजली की माणसं कोणाकडे बघतात हे मागे उभ्या असलेल्या मिस्त्रीला तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करून पाठ झालं होतं. जो शेवटी आला त्याच्याकडे. तसेच सगळे तिच्याकडे वळले. कोणी काही बोललं नाही. बोलायची गरजच नव्हती. खरं म्हणजे वजन त्याच्या खांद्यावर होतं. त्याच्या पिशवीत नट आवळायचे पाने होते, ग्रीजचा डबा होता, एक जुनी कप्पी होती. सगळं मिळून वीस किलो तरी नक्की भरलं असतं. शिवाय ही लिफ्ट महिनाभर जरा लवकरच ओरडते हेही त्याला ठाऊक होतं, तेच बघायला तो आला होता. बाहेर पडायचं ते त्याने. तो पाय उचलणारही होता. पण तेवढ्यात बाई ओशाळं हसली, एक पाऊल मागे सरली आणि म्हणाली, "जा तुम्ही, मी येते मागून." दार मिटलं. आतल्या कोणीतरी सुस्कारा सोडला आणि लिफ्ट निमूट वर गेली.

वरच्या मशीनच्या खोलीत पोहोचल्यावर त्याने पिशवी खाली ठेवली. तो उलट्या बादलीवर बसला. खोली त्याच्या सवयीची होती. तेलाचा वास, एक मळकं तावदान, तावदानातून दिसणारी शहराची उतरती छपरं आणि त्यांच्या डोक्यावर डोंगर. डोंगर या शहरात कुठूनही दिसतो. संडासाच्या खिडकीतूनसुद्धा दिसतो, असं त्याची बायको म्हणायची. जा तुम्ही, मी येते मागून. दहा दिवसांपूर्वी, रविवारी सकाळी, त्या डोंगरावर त्यांच्या पळणाऱ्यांच्या मंडळातल्या लाँड्रीवालीने त्याला हेच शब्द सांगितले होते. आणि तो गेला होता. आज संध्याकाळी शाळेत सभा होती, त्याच गोष्टीवरून. मंडळातल्या मास्तरांनी सगळ्यांना निरोप पाठवला होता: यापुढे वेळेची मर्यादा ठेवण्याबाबत. निरोप सभ्य भाषेत होता. मास्तर भूगोल शिकवतात, माणूस सरळ आहे, कोणाला दुखवायचं नाही म्हणून चार वेळा खोडून लिहिणारा. पण अर्थ एवढाच होता, की दोन तासांत जे वर जाऊन खाली येणार नाहीत त्यांनी उगाच येऊ नये.

हे पळण्याचं खूळ त्याच्या बायकोचं. ती इस्पितळात जुन्या फायलींच्या खोलीत कामाला होती. दिवसभर बसून काम. शेहेचाळिसाव्या वर्षी डॉक्टरांनी चाला म्हणून सांगितलं, तर ही बया थेट पळायलाच लागली. शहरात डोंगरवाटांवर पळणाऱ्यांचा एक क्लब होता, चकचकीत बूट आणि मनगटावर मोठाली घड्याळं असलेल्या लोकांचा. त्यांच्याबरोबर ती पहिल्या रविवारी गेली. खाली परत आली तेव्हा कोणी नव्हतं. सगळे नाश्ता करून घरी गेले होते, आणि हिची पिशवी कोणीतरी कुंपणाच्या तारेला अडकवून ठेवली होती. घरी येऊन तिने हे हसत हसत सांगितलं. मग ती न्हाणीघरात गेली आणि बराच वेळ नळ चालू राहिला. नळाच्या आवाजातला दुसरा आवाज त्याला ऐकू येत होता. तो पेपर वाचत होता. त्याने पान उलटलं. ते पान उलटणं त्याला आता आठवतं, पानावर काय होतं ते आठवत नाही.

पुढच्या महिन्यात तिने आपलीच माणसं गोळा केली. आधी तीन, मग नऊ, शेवटी चाळीस. कोण कोण होतं त्यात! टेलिफोनवर बसणारा एक आंधळा, तो मास्तरांच्या हातातल्या दोरीचं दुसरं टोक धरून पळायचा. एक पाय लाकडी असलेला तिकीट तपासनीस. नुकती बाळंतीण झालेली एक, दोन जाडे भाऊ, सत्तरीचा एक घड्याळजी. आणि लाँड्रीवाली, जी पळायची नाहीच. ती चालायची, थांबायची, बोलायची, परत चालायची. क्लबवाले त्यांना गोगलगाय मंडळ म्हणत. हिने ते नाव खुशाल लावून घेतलं. सगळे तिला ताई म्हणत, त्यामुळे हा घरबसल्या चाळीस जणांचा भाऊजी झाला. त्याचं काम एवढंच, की रविवारी खालच्या फाटकाशी चहाचा थर्मास घेऊन बसायचं. वर ये, वर ये म्हणून तिने किती वेळा सांगितलं. माझे गुडघे, तो म्हणायचा. गुडघ्यांना काही झालेलं नव्हतं.

तिचे नियम दोनच. पहिला, वाटेवर झाडांना लाल फिती बांधायच्या आणि त्या सोडत सोडत सगळ्यात शेवटी एकाने यायचं. त्या माणसाला शेपूट म्हणायचं. शेपटाच्या मागे कोणी उरता कामा नये. शेपूट ती स्वतःच असायची. दुसरा नियम खरा त्याचा होता. एकदा जेवताना तिने विचारलं होतं, की तुमच्यातला एक जण वर लिफ्टच्या बोगद्यात, शाफ्टमध्ये असताना खालच्याने बटण दाबलं तर? त्याने सांगितलं, तसं होत नाही. आत उतरण्याआधी प्रत्येक जण मेन स्विचवर आपल्या नंबरचा बिल्ला लटकवतो. बाहेर आला की स्वतःच्या हाताने काढतो. दुसऱ्याच्या बिल्ल्याला कोणी हात लावत नाही, साहेब आला तरी नाही. ती घास हातात धरून ऐकत राहिली. मग त्याने त्याच टेबलावर पत्र्याचे चाळीस बिल्ले कापले, कडा घासल्या, प्रत्येकावर ठोकून आकडे उठवले. फाटकाशी एक फळी लावली, तिच्यावर खिळे. वर जाताना बिल्ला लटकवायचा, खाली आल्यावर काढायचा. फळीवर एक बिल्ला असेपर्यंत कोणी घरी जायचं नाही. लग्नाच्या सव्वीस वर्षांत तिच्या कामासाठी त्याने केलेली तेवढी एक गोष्ट.

चौदा महिन्यांपूर्वी ती इस्पितळातच, फायलींच्या दोन मांडण्यांच्या मधे पडली. डोक्यातली नस फुटली. जेवणाच्या सुट्टीनंतर शिपाई फाइल मागायला गेला तेव्हा दिसली. किती वेळ पडून होती ते कोणाला सांगता आलं नाही. जिथे माणसं वाचवतात त्या इमारतीत, दोनशे माणसांच्या घोळक्यात, कोणाच्या लक्षातच आलं नाही की एक जण कमी आहे. यावर तो कोणाशी बोलला नाही. लोक भेटायला आले, ती किती चांगली होती ते सांगून गेले. ते त्याला माहीत होतं. तिसऱ्या महिन्यात एका रविवारी तो फाटकाशी गेला आणि म्हणाला, आजपासून शेपूट मी. कोणी नाही म्हणालं नाही. बायको गेलेल्या माणसाला नाही कोण म्हणणार?

सुरुवातीला जीव जायचा. मग सवय झाली. शेवटी लाँड्रीवाली आणि तिच्या मागे तो, असा दर रविवारचा शिरस्ता. ती दर शंभर पावलांवर थांबायची आणि गिऱ्हाइकांच्या गोष्टी सांगायची. कोणाच्या खिशात काय सापडतं, कोणाच्या कॉलरवर कसला डाग असतो. ताई असती तर पोट धरून हसली असती, असं मधेच म्हणायची. तो हूं करायचा. हिला एवढ्या गोष्टी माहीत आहेत आणि आपल्याला नाहीत, असं त्याला वाटायचं. आपली बायको डोंगरावर पोट धरून हसायची हे त्याला लाँड्रीवालीकडून कळलं. घरी ती तशी हसत नसे.

दहा दिवसांपूर्वीच्या त्या रविवारी परतीच्या वाटेवर धुकं उतरू लागलं. माथ्यावरच्या विजेच्या मनोऱ्याच्या जरा खाली लाँड्रीवाली एका दगडावर टेकली आणि म्हणाली, पोटरीत गोळा आलाय, जरा बसते. तो थांबला. मग तीच म्हणाली, "जा तुम्ही, मी येते मागून. किती वेळ खांबासारखे उभे राहाल?" शेपटाने अशा वेळी काय करायचं ते त्याला माहीत होतं. खांबासारखं उभं राहायचं. तेच त्याचं काम. पण उतार होता, माती दमट आणि मऊ होती, आणि त्याचे पाय आपोआप निघाले. पुढच्या वळणावर थांबू असं तो मनाशी म्हणाला. वळण आलं, गेलं. तो पळत होता. आयुष्यात पहिल्यांदा तो नुसता पळत होता. गुडघे दुखत नव्हते, छाती मोकळी होती, तोंडावर गार ओलावा बसत होता. हात सवयीने फिती सोडत होते आणि खिशात कोंबत होते. आणि कितीतरी वेळ, वीस मिनिटं म्हणा, बायको त्याच्या डोक्यात नव्हती. चौदा महिन्यांत असं झालं नव्हतं. मेलेलं माणूस वीस मिनिटं बाजूला झालं, आणि त्याला बरं वाटलं. फार बरं वाटलं.

तेवढ्यात मागून हाक आली होती. ताई. बारीक, धुक्यात भिजलेली. मग परत, ए ताई. हे त्याने कोणाला सांगितलेलं नाही. पहिले कित्येक महिने त्याला असे आवाज यायचे. न्हाणीघरात नळ, जिन्यावर पावलं, कोणीतरी तिला बोलावतंय. डॉक्टर म्हणाले होते, होतं असं, लक्ष देऊ नका. म्हणून त्याने लक्ष दिलं नाही. खरं सांगायचं तर तेवढंही नाही. हाक ऐकून तो चिडला. आताच कुठे सुटलो होतो, आलीसच का परत, असं काहीतरी त्याच्या मनात आलं आणि त्याने वेग वाढवला.

खाली त्याने स्वतःचा बिल्ला काढला तेव्हा फळीवर एकच उरला, लाँड्रीवालीचा, अकरा नंबरचा. लोक गाड्या चालू करत होते. मास्तरांनी लांबून विचारलं, आले का सगळे, भाऊजी? त्याने फळीकडे पाहिलं. लाँड्रीवाली कधीकधी मधल्या वाटेने परस्पर आपल्या वस्तीकडे उतरते, तशीच गेली असेल, असं त्याने स्वतःला सांगितलं. सांगताना ते खोटं आहे हे त्याला माहीत होतं का, हे तो दहा दिवस स्वतःला विचारत होता. त्याच्या हाताने अकरा नंबरचा बिल्ला काढला. ज्या हाताने तीस वर्षांत दुसऱ्याच्या बिल्ल्याला स्पर्श केला नव्हता, त्याच हाताने. आले सगळे, तो म्हणाला.

ती पाच तासांनी सापडली, मनोऱ्याच्या तारा तपासायला आलेल्या माणसाला. फिती नव्हत्या, वाट चुकली, दरीच्या बाजूला गेली, घोटा मुरगळला. काही मोडलं नाही, जीव वाचला. सगळ्यांनी नशीब म्हणून हात जोडले. आणि दोन दिवसांत बोलणं फिरलं. एवढं हळू चालतं का कोणी? झेपत नाही तर यावं का? ताईंची गोष्ट वेगळी होती, आता जबाबदारी कोण घेणार? त्याचं नाव कोणीच घेतलं नाही. त्याने वाट पाहिली, कोणीतरी विचारेल म्हणून. घरी चहा करताना, बसमध्ये, शाफ्टमध्ये दोराला लोंबकळताना. कोणी विचारलं नाही.

संध्याकाळी तो भूगोलाच्या वर्गात लहान मुलांच्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसला. पंधरावीस जण आले होते. लाँड्रीवाली नव्हती, तिला बोलावलं होतं की नाही हे त्याने विचारलं नाही. मास्तरांनी फळ्यावर दोन तास असं लिहून खाली रेघ मारली, सवयच त्यांची. घड्याळजी म्हणाला की मग मी सुटलो म्हणायचा, माझ्या घड्याळात दोन तास बसत नाहीत. लोक हसले आणि त्याला म्हणाले, तुमचं बघू आपण, तुम्हाला कोण हाकलतंय. बाकावर बसल्या बसल्या सगळ्यात जास्त नवल त्याला आंधळ्या टेलिफोनवाल्याचं वाटलं. तो मर्यादेच्या बाजूने बोलला. म्हणाला, आम्ही दोघं पावणेदोन तासांत येतो, डोळे नसूनही. मनात आणलं तर होतं. त्याच्या आवाजात अभिमान होता, आणि अभिमान का नसावा हे याला सांगता आलं नसतं. ताईनेच तर त्याला पळायला लावलं होतं.

तेव्हा तो स्वतः उठला. बाक अंगाबरोबर उठला, तो परत खाली ठेवावा लागला. मग त्याने सांगितलं. ती मागे राहिली ती हळू होती म्हणून नाही. मी पुढे निघून गेलो. फिती मी सोडल्या. तिचा बिल्ला मी काढला. एवढं बोलायला त्याला फारच वेळ लागला, आणि बोलून झाल्यावर त्याला वाटलं की आता काहीतरी कोसळेल, आता कोणीतरी ओरडेल. बाळंतीण आपल्या नखांकडे पाहत होती. तिकीट तपासनीस पाय चोळत होता, लाकडी पाय.

"माहीत आहे, भाऊजी," मास्तर म्हणाले. "मी गाडीतून पाहिलं होतं बिल्ला काढताना."

त्याला पहिल्यांदा काही कळलंच नाही. मास्तर फळ्यापासून त्याच्याजवळ आले आणि खांद्यावर हात ठेवून हलक्या आवाजात म्हणाले की सगळ्यांना माहीत आहे. तुमच्यावर आधीच काय कमी आलंय? म्हणून कोणी विषय काढला नाही. आणि नियम काही तुमच्यामुळे नाही, कधीतरी करायचाच होता. तो म्हणाला, मग तिला दोष का देता? मास्तर म्हणाले, दोष कोणी देत नाही हो. तो म्हणाला, शेपूट दुसरं कोणी तरी घ्या, नियम नका करू, तुमच्या ताईचा नियम वेगळा होता. ते त्याचं ऐकत राहिले, सगळेच ऐकत राहिले, अगदी मायेने. आजाऱ्याच्या उशाशी बसून ऐकतात तसं. त्याला कळून चुकलं की आता तो काहीही बोलला तरी ते दुःखामुळे बोलला असंच होणार. टेबलावर डोकं आपटलं असतं तरी कोणीतरी पाणी आणून दिलं असतं. मग हात वर झाले. मोजायचीही गरज पडली नाही. घड्याळजीने सुद्धा अर्धा हात वर केला, कान खाजवल्यासारखा. खाली उतरताना बाळंतीण त्याला म्हणाली, भाऊजी, रविवारी चहा मात्र तुमचाच हं, आणि तो हो म्हणाला. हो म्हणाला हे त्याला रस्त्यावर आल्यावर ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो लाँड्रीत गेला. उताराच्या गल्लीतलं लांबट दुकान, पुढे काउंटर, मागे वाफ. ती स्टुलावर बसून इस्त्री करत होती, पट्टी बांधलेला पाय दुसऱ्या स्टुलावर. त्याला पाहून तिने इस्त्री थांबवली नाही. या भाऊजी, म्हणाली, काल काय झालं ते कळलं मला, घड्याळजी सकाळीच शर्ट द्यायच्या निमित्ताने येऊन सांगून गेला. तुम्ही उगाच उभे राहिलात. मी काय त्यांना घाबरून घरी बसणार आहे? डोंगर कोणाच्या बापाचा नाही. ती हसली, पण त्याच्याकडे न बघता. त्याने बिल्ल्याचं सांगितलं. तेही तिला कळलं होतं. ती म्हणाली, जाऊ द्या, माणूस आहे, चुकतो. एका पांढऱ्या शर्टाची बाही उलटून तिने टोक पाण्याने शिंपडलं. एवढ्यावर तो निघाला असता तर सगळं निभावलं असतं. ती माफ करायला तयार होती, बाकीच्यांसारखीच. आणि तेच त्याला सोसेना.

"तुमची हाक मला ऐकू आली होती," तो म्हणाला.

इस्त्री शर्टावर तशीच राहिली. तिने ती उचलून उभी केली.

"कुठली हाक?"

"ताई म्हणून मारलेली. दोनदा."

ती त्याच्याकडे पाहू लागली. आल्यापासून पहिल्यांदाच. ती म्हणाली, तोंडातून तेच आलं. दरीकडे पाय घसरला आणि तेच आलं, सवयीने. शेपटाला काय म्हणायचं ते एकच माहीत. मग तिच्या लक्षात आलं असावं, कारण तिचा चेहरा हळूहळू बदलला. हाकेच्या आड आलं ते ना धुकं होतं, ना अंतर; आणि तो बहिराही नव्हता.

"ऐकू आली, मग थांबला का नाहीत?"

चौदा महिन्यांत त्याला कोणी असं विचारलं नव्हतं. आवाज चढवून नाही, समजूत घालत नाही, सरळ. त्याने तोंड उघडलं. वीस मिनिटं, बरं वाटणं, भास, डॉक्टर, चीड; सगळं त्याच्याजवळ होतं आणि त्यातलं एकही या बाईपुढे, तिच्या पट्टी बांधलेल्या पायापुढे ठेवण्यासारखं नव्हतं. त्याला वाटलं, हिला सांगावं की मी तुमच्यापासून नाही पळालो. पण मग कोणापासून पळालो ते सांगावं लागलं असतं, आणि ही त्याच्या बायकोची मैत्रीण होती. मागे कुठेतरी यंत्र फिरत होतं, त्याचा पट्टा सैल झालाय हे त्याच्या कानाला कळत होतं. एक गिऱ्हाईक आलं, पावती दाखवली. तो काउंटरपासून बाजूला झाला. तिने लंगडत उठून गठ्ठा शोधला, बांधला, दिला.

मग ती परत बसली आणि पाय स्टुलावर नीट ठेवला. म्हणाली की पाय बरा झाला की ती रविवारी नाही, मंगळवारी जाणार, दुकान बंद असतं तेव्हा. घड्याळजी येतो म्हणालाय. जाड्या भावांपैकी एक येतो म्हणालाय. दोन तास लागोत, नाही तर पाच लागोत. ज्याला यायचं त्याने यावं, ताईचं होतं तसंच. तिने दुसरा शर्ट ओढला, कॉलर पसरली.

"तुम्ही मात्र येऊ नका, भाऊजी," ती म्हणाली. "तुम्ही मागे असलात तर मी सारखी वळून बघत राहीन."

तो हो म्हणाला. तो बाहेर आला. गल्ली चढाची होती. वरून कोणी उतरत होतं, कोणी त्याच्या मागून येऊन त्याला ओलांडून पुढे जात होतं, आणि तो एका बाजूला, भिंतीला धरून, प्रत्येकाला वाट देत चढत राहिला.